कंदीलवालीचा शेवटचा अध्याय

पोथीपुढे सुपारी ठेवली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं चांगदेव औटी आजही म्हणतात. सुपारी ठेवली की संकल्प झाला. संकल्प झाला की पोथी पुरी करावी लागते, मध्येच सोडलेली चालत नाही. आणि पोथी पुरी करायची तर तिचा शेवटचा अध्याय आधी लिहून झालेला असावा लागतो. या पोथीचा झालेला नव्हता. तिचा कर्ता जपानात बसून तो अजून काढत होता.

सगळ्याचं मूळ लेण्याद्रीला. प्रयागबाई औटी तिथं पडल्या. चढताना पडल्या नाहीत, गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरतानाही पडल्या नाहीत. अख्खा डोंगर सुखरूप उतरून आल्यावर, शेवटच्या पायरीवर, एका माकडानं प्रसादाची पिशवी धरली आणि बाईंनी ती सोडली नाही, म्हणून पडल्या. पिशवी माकडाला मिळाली, बाईंना मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर मिळालं. त्या वेळी चांगदेवराव खाली चपला राखत उभे होते आणि "शेवटचीच राहिली, ये सावकाश," असं म्हणत होते. हे वाक्य त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण प्रयागबाई येईल त्या पाहुण्याला ते ऐकवत होत्या.

चांगदेवराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नारायणगावात जुन्नर रस्त्याला कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत त्यांचं घर, घरामागे शेजारच्या झुंबरबाईंचा ऊस. बायको अंथरुणाला खिळल्यावर स्वयंपाकघराचा चार्ज त्यांच्याकडे आला. रीतसर हस्तांतरण न होता आला, त्यामुळे हळद कुठल्या डब्यात आणि सोडा कुठल्या डब्यात, हे त्यांना प्रसंगोपात कळत गेलं. शेवटी धाकट्या भावाची मुलगी आरती सुट्टीत मदतीला आली.

आरती पुण्यात जपानी शिकत होती. जपानी शिकून काय करणार, हा प्रश्न तिला आळ्यापासून मंचरपर्यंत प्रत्येक नातेवाइकानं विचारून झाला होता. तिला भाकरी येत नव्हती. पिठलं येत होतं, पण ते पिठलं आहे असं सांगावं लागे. मात्र तिच्या सॅकमध्ये एका जपानी चित्रकथेचे भाग होते. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, असा तो कर्ता ती कथा बारा-तेरा वर्षं काढत होता. ज्या पोरांनी पहिला भाग दप्तरात लपवून वाचला त्यांना आता मिशा फुटून नोकऱ्या लागल्या होत्या. आरती दुपारच्या वेळी चुलतीच्या उशाशी बसायची, चित्रं दाखवायची आणि खालचं जपानी मराठीत करून सांगायची.

कथा अशी. एका डोंगराळ मुलखात एका मुलीच्या भावाला शाप लागतो आणि त्याचा बिबट्या होतो. नऊ डोंगरांपलीकडे एक तळं आहे. तिथपर्यंत घरच्या चुलीतला विस्तव कंदिलात घालून न विझता नेला, तर भाऊ पुन्हा माणूस होईल. म्हणून मुलगी पुढे कंदील घेऊन चालते आणि बिबट्या मागून येतो. वाटेत कावळ्याच्या तोंडाचा एक राजा आहे, त्याला तो कंदील विझवायचा आहे.

त्या वर्षी जुन्नर-आंबेगावात बिबट्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. झुंबरबाईंच्या उसात वन खात्याचा पिंजरा लागलेला होता आणि पिंजऱ्यात आतापर्यंत झुंबरबाईंचीच दोन मांजरं सापडली होती. अशा वेळी औट्यांकडे जपानच्या बिबट्याची गोष्ट चालते, ही बातमी उसातून पलीकडे जायला कितीसा वेळ लागणार. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई आल्या, तिसऱ्या दिवशी त्यांची जाऊ साळुबाई आली, आठवड्यात महिला भजनी मंडळ सगळंच्या सगळं आलं. झुंबरबाई मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी मुलीचं जपानी नाव एकदाच ऐकून घेतलं, आणि अशा नावानं पोरीला हाक कशी मारायची, असं म्हणून तिला हौसा करून टाकलं. बिबट्या झाला दादा. त्याचा उजवा कान फाटका होता. साळुबाईचं म्हणणं, असाच एक फाटक्या कानाचा बिबट्या तिच्या माहेरी घाटाजवळ दिसला होता, पण त्याला बहीण असेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

प्रयागबाईंना पुस्तक मांडीवर धरवेना म्हणून चौरंग आला. चौरंग आला म्हणून त्यावर वस्त्र आलं. वस्त्रावर नुसतं पुस्तक बरं दिसेना म्हणून फूल आलं. आणि एका दुपारी प्रयागबाईंनी चौरंगावर सुपारी ठेवली, हात जोडले आणि म्हणाल्या, "ही पोथी पुरी होईल तवाच मी उंबरा वलांडीन."

चांगदेवराव या दुपारच्या सभांना हजर नसत. तीस वर्षं फायली हाताळलेला माणूस चित्रांच्या पुस्तकापुढं बायकांत बसणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. ते स्वयंपाकघरात भांडी घासत. पण गोष्टीत अटीतटीचा प्रसंग आला की स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज पूर्ण थांबे, हे आरतीच्या लक्षात आलं होतं. अशा प्रसंगी ती मुद्दाम थोडं मोठ्यानं सांगायची.

प्लास्टर निघालं. हाड उत्तम जुळलं होतं. डॉक्टरांनी बाईंना चालायला सांगितलं, घरात नव्हे, बाहेर, रस्त्यावर, रोज. नाही चालल्या तर गुडघा आखडेल आणि मग पाय कायमचा काठीसारखा राहील, असंही सांगितलं. प्रयागबाईंनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि पोथीचं सांगितलं. खाट ते न्हाणीघर एवढंच त्या भिंत धरून जात, आणि उंबऱ्याकडे पाहतसुद्धा नसत.

चांगदेवरावांना खरं काय ते माहीत होतं. एकदा दुपारी बायको एकटी असताना त्यांनी दाराआडून पाहिलं होतं. प्रयागबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, दुखरा पाय उचलला, पलीकडच्या पायरीवर टेकवल्यासारखा केला आणि विस्तवावर पडल्यासारखा मागे घेतला. मग चौरंगापाशी जाऊन पोथीवरचं फूल सरळ केलं. संकल्प वगैरे ठीक, पण बाई त्या एका पायरीला भ्यायली होती, आणि ती भीती ठेवायला तिला पोथीसारखी सोवळी जागा मिळाली होती. हे बोलून दाखवणं शक्य नव्हतं. बोललं असतं तर ती आयुष्यभर चालली नसती. प्रयागबाईंचा स्वभाव तसा होता. माकडाला विचारा.

तेव्हा एकच मार्ग उरला. शेवटचा अध्याय आणायचा.

आरतीजवळचे भाग संपले आणि तिकडे जपानातला कर्ता मनगट दुखतं म्हणून रजेवर गेला. चांगदेवराव हे ऐकून थक्क झाले. कंदील आठव्या डोंगरावर, पोरीचा पाय मुरगळलेला, आणि हा माणूस वैद्यकीय रजेवर. त्यांच्या कार्यालयात मार्चअखेरीस कुणाला शिंकायचीही परवानगी नसे. त्यांनी कर्त्याला स्मरणपत्र पाठवण्याचं ठरवून मसुदाही मनात तयार केला होता. पत्ता नसल्यामुळे जपान वाचला. एवढ्यात आरतीला एका कंपनीनं निवडून प्रशिक्षणासाठी जपानलाच पाठवलं. जपानी शिकून काय करणार, हा प्रश्न त्या दिवसापासून नातेवाइकांनी तिच्या धाकट्या भावाला विचारायला सुरुवात केली.

काही महिन्यांनी एका रविवारी आरतीचा फोन आला. शेवटचा भाग आला होता. दुकानापुढं रांगा होत्या, माणसं रस्त्यात उभी राहून वाचत होती आणि डोळे पुसत होती. तिनं शेवट सांगायला तोंड उघडलं तसा प्रयागबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. फोनवर ऐकलेला अध्याय धरत नाहीत. पोथी समोर पाहिजे. मग असं ठरलं की आरतीनं पुस्तक पार्सलनं पाठवायचं, आणि समाप्तीच्या दिवशी फोन करून एकेक पान सांगायचं. म्हणजे पोथीही समोर आणि अर्थही कानावर.

इथं सयाजीरावांनी सल्ला दिला. सयाजीराव शेजारी राहत आणि एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर चौकशीच्या खिडकीत बसल्यामुळे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर खात्रीनं देण्याची त्यांना सवय होती. ते बरोबर असण्याची जबाबदारी त्यांनी नोकरीतही घेतली नव्हती. परदेशातून येणाऱ्या पार्सलात काय आहे ते वर लिहावं लागतं. सयाजीराव म्हणाले, "चित्रांचं पुस्तक म्हणून लिव्हू नका राव, खेळण्यात धरतील. धार्मिक ग्रंथ लिव्हा. देवाला कुणी अडवत न्हाई." चांगदेवरावांनी जपानला तसं कळवलं. आरतीनं तसं लिहिलं.

देवाला अडवलं. पुण्याच्या कस्टम कार्यालयातून कळलं की पार्सल थांबवलेलं आहे, समक्ष येऊन खुलासा करावा. चांगदेवराव इस्त्रीचे कपडे घालून, निवृत्तीची शाल पिशवीत घेऊन गेले. शाल कशासाठी, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. असावी बरोबर, एवढंच. तिथला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. पाकिटाच्या फाटक्या कोपऱ्यातून मुखपृष्ठ दिसत होतं: तोंडात तलवार धरलेला बिबट्या आणि अनवाणी मुलगी. हा कुठल्या धर्माचा ग्रंथ, असं त्यानं विचारलं. चांगदेवराव म्हणाले की धर्माचं सांगता येणार नाही, पण आमच्याकडे त्याचं पारायण चालू आहे. अधिकारी पाकीट उघडायला लागला तसे ते उभे राहिले. समाप्तीच्या आधी शेवटचा अध्याय उघडत नाहीत, असं त्यांनी निक्षून सांगितलं. न उघडता तो धार्मिक आहे हे मी ठरवू कसं, असं अधिकाऱ्यानं विचारलं. चांगदेवरावांना प्रश्न रास्त वाटला. ते स्वतः त्या खुर्चीत असते तर त्यांनीही हाच विचारला असता, वर तीन प्रती मागितल्या असत्या. शेवटी, ग्रंथाचं खरोखर पारायण होतं असा एखाद्या मंडळाचा दाखला आणावा, यावर तडजोड झाली.

सयाजीरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की धार्मिक लिहा असं मी म्हणालोच नव्हतो.

दाखला झुंबरबाईंनी दिला. मंडळाचा शिक्का त्यांच्या तांदळाच्या डब्यात असे, तो शोधून काढला, झटकला आणि उमटवला. पण नुसत्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या स्वतः निघाल्या. नारायणगाव स्टँडवरून पुण्याच्या गाडीत चांगदेवराव पुढच्या सीटवर ओळख नसल्यासारखे बसले, आणि मागून झुंबरबाई अख्ख्या गाडीला आपण कुठं चाललोय ते सांगत आल्या. कार्यालयात पोचल्यावर त्यांनी दाखला टेबलावर ठेवला आणि अधिकाऱ्यानं काही विचारायच्या आत हौसाची कथा पहिल्या डोंगरापासून सांगायला घेतली. चौथ्या डोंगराला शेजारच्या टेबलांवरची माणसं खुर्च्या सरकवून आली. सातव्याला शिपायानं चहा आणला आणि तिथंच उभा राहिला. आठव्या डोंगरावर झुंबरबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "फुडचं तुमच्या टेबलावर पडलंय, सायब. तिकडं माझी शेजारीण पाय घिऊन बसलीया."

अधिकाऱ्यानं पार्सल सही घेऊन सोडलं. कंदील राहिला की विझला तेवढं कळवा, असं मात्र तो म्हणाला.

समाप्तीला चतुर्थी ठरली. समाप्ती म्हणजे पुरणपोळी, आणि पुरण चांगदेवरावांनी घातलं. ते पहिल्यांदा सैल झालं म्हणून त्यात डाळ वाढवली, मग घट्ट झालं म्हणून गूळ वाढवला, आणि असं करता करता पुरण इतकं वाढलं की सयाजीरावांच्या घरून पातेलं मागवावं लागलं. चौरंगाला केळीचे खांब लागले. झुंबरबाईंनी आणखी एक काढलं: प्रत्येक पोथीच्या देवाचा नैवेद्य निराळा ठेवतात, या पोथीचा देव बिबट्या, तेव्हा एक पान उसाच्या बांधावर गेलं पाहिजे. बिबट्या पुरणपोळी खात नाही, असं चांगदेवराव म्हणाले. झुंबरबाई म्हणाल्या, तुमच्या हातची कोण खातंय, पण ठिवावी लागती.

सगळं जमलं. बायका बसल्या. पुस्तक चौरंगावर, फुलाखाली. चांगदेवराव फोनपाशी उभे. जपानचा फोन यायची वेळ झाली, टळली, बरीच टळली. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काही नव्हतं. नुसती शांतता. सयाजीराव चौकशी करून आले: हायवेला खोदकाम करताना यंत्रानं टेलिफोनची केबल तोडली होती, निम्मं गाव मुकं झालं होतं, आणि दुरुस्तीला रविवार उजाडणार होता.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. चौरंग मांडल्यावर उठवता येत नाही. नैवेद्य झाल्यावर थांबता येत नाही. मग हळूहळू सगळ्या माना वळल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचे हात घेऊन उभ्या असलेल्या निवृत्त हेडक्लार्ककडे आल्या.

"मला जपानी येत नाही," चांगदेवराव म्हणाले.

"चित्रं हायेत की," झुंबरबाई म्हणाल्या. "डोळं हायेत ना?"

त्यांनी प्रयागबाईंकडे पाहिलं. प्रयागबाई खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. चांगदेवरावांनी हात धुतले, टोपी घातली, चौरंगापुढं मांडी घातली आणि पुस्तक उघडलं.

आता इथं सांगायला हवं की जपानी पुस्तक आपल्या मानानं उलटं असतं. आपलं मागचं पुठ्ठं ते त्यांचं पुढचं; उजवीकडून उघडायचं आणि उजवीकडून डावीकडे यायचं. आरती तसंच वाचायची. पण आरती पानं उलटत असताना चांगदेवराव भांडी घासत होते. गोष्ट त्यांनी सगळी ऐकली होती, पान एकदाही पाहिलं नव्हतं. समोर बसणाऱ्या बायकांना आरती नुसतं चित्र वर धरून दाखवायची. उशाशी बसून पानं उलटताना पाहिली होती ती एकट्या प्रयागबाईंनी. चांगदेवरावांनी जन्मभर ज्या बाजूनं फाईल उघडली त्याच बाजूनं पोथी उघडली, म्हणजे शेवटच्या पानावर.

"एका खुंटीला कंदील टांगलेला आहे," ते म्हणाले. आवाज पोथीला शोभेना म्हणून घसा खाकरला आणि जी एकच भारदस्त भाषा त्यांना येत होती ती सुरू केली. "सदरहू कंदील विझलेला आहे."

"इझला?" साळुबाई म्हणाली. "पयल्याच पानाला?"

"विझलेल्या अवस्थेत आढळून येतो."

पुढच्या पानावर एक घर होतं, जेवणं चालली होती, हौसा होती आणि तिच्या शेजारी एक तरुण. त्याचा उजवा कान फाटका होता. चांगदेवरावांनी चष्मा पुसून पाहिलं. दादा माणूस झालेला होता. त्यांनी हे जाहीर करताच बायकांत आनंदीआनंद झाला. साळुबाईनं चौरंगाला डोकं टेकलं. झुंबरबाई म्हणाल्या, झालं की मग, वाढा पानं. पण पुस्तक तर सगळंच्या सगळं शिल्लक होतं. प्रकरण अजून निकाली निघालेलं दिसत नाही, असं चांगदेवराव म्हणाले आणि पान उलटलं.

तिथून घसरगुंडी सुरू झाली. भाऊबहीण सुखानं जेवत होती ती उठली आणि तळ्याकडे निघाली. कशाला, असं झुंबरबाईंनी विचारलं. कारण नमूद नाही, असं चांगदेवराव म्हणाले. तळ्याच्या काठी दादाच्या अंगावर ठिपके उठले, मग शेपूट आली, मग तो बिबट्याच झाला. कावळ्याच्या तोंडाचा राजा मरून पडलेला होता. पुढच्या पानावर तो उठून बसला, आणि त्याच्या छातीतला भाला निघून हौसाच्या हाती परत जमा झाला.

"ह्ये कसलं वो अण्णा," झुंबरबाई म्हणाल्या. "मेलेला उठतोय, बरा झालेला बिघडतोय."

"आहे तसं सांगतोय," चांगदेवराव म्हणाले. "मी पदरचं घालत नाही."

साळुबाईनं पदर डोळ्याला लावला. एवढं चालून पुन्हा वाघच का, एवढंच ती म्हणत राहिली. पण चांगदेवरावांना आता सोडता येईना. पान उलटलं की हौसा आणखी दमलेली, आणखी एकटी. बर्फ पडत होतं. ते सांगताना त्यांच्या नकळत सदरहू गळालं, उपरोक्त गळालं. "पोरगी एकलीच हाय," ते म्हणाले, "कंदील कुशीत धरलाय. वारं लई हाय." ही त्यांची गावची बोली, वडिलांची. कार्यालयात लागल्यापासून ती त्यांनी घरातही वापरली नव्हती.

मग ते शेवटच्या, म्हणजे खरं तर पहिल्या, पानावर आले. एक पडकी झोपडी. उंबऱ्यात हौसा बसलेली, पायाला फडकं बांधलेलं. कंदिलात जेमतेम ज्योत. बाहेर बिबट्या थोडा पुढे जाऊन थांबलेला आणि मान वळवून मागे बघणारा. पुढं पुठ्ठं होतं.

"मग?" प्रयागबाई म्हणाल्या. इतक्या वेळात त्या पहिल्यांदा बोलल्या.

"मग काही नाही. इथं संपतंय."

"ती बसूनच ऱ्हाती?"

"बसलेली आहे."

"आन् त्यो भाईर वाट बगतोय."

"बघतोय."

चांगदेवरावांनी पुस्तक मिटायला घेतलं आणि मिटलं नाही. त्या चित्राकडे पाहत राहिले. मग पुस्तकाकडे पाहतच, हलक्या आवाजात म्हणाले, "उठंल ती. जरा दम घिऊन उठंल. त्यो काय तिला टाकून जाणार न्हाई." आणि थोडं थांबून, कारण माणूस प्रामाणिक होता, म्हणाले, "हे यात छापलेलं नाही."

खाट करकरली. प्रयागबाईंनी पाय खाली सोडले. भिंत धरली, मग भिंत सोडली, आणि बायकांच्या मधून वाट काढत चौरंगापाशी आल्या. नवऱ्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि त्याच पानावरून, पण दुसऱ्या बाजूला, एक पान उलटलं. त्या पानावर हौसा उभी होती.

"उठली बगा," त्या म्हणाल्या. "इकडनं वाचत्यात ह्ये."

झुंबरबाईंनी चांगदेवरावांकडे जे पाहिलं त्याचं वर्णन इथं करत नाही. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. तुला पहिल्या पानापासून कळलं होतं का, असं त्यांनी बायकोला विचारलं. कळलं होतं. मग बोलली का नाहीस?

"एवढ्या वर्सांत तुमी मला एक गोष्ट सांगितली न्हवती," प्रयागबाई म्हणाल्या. "सुरू झालात. म्हनलं, व्हऊ द्या."

मग पोथी सरळ वाचली. वाचायला कुणी लागलंच नाही. उलट बाजूनं सगळी ऐकून झालेली असल्यामुळे प्रत्येकीला पुढं काय होणार ते माहीत होतं. भाला छातीत गेला, राजा मेला तो मेलेला राहिला, दादाचे ठिपके गेले, आणि खुंटीवरचा विझलेला कंदील पाहून साळुबाई पुन्हा रडली, पण निराळं. कंदील इझायलाच पायजेल व्हता, घरी आल्यावर कशाला लागतोय, असं ती म्हणाली. झुंबरबाईंनी निर्णय दिला की एकदा उलट आणि एकदा सुलट अशी दोन पारायणं झाली, तेव्हा दुसऱ्या समाप्तीचं पुरण अण्णांकडे बाकी आहे.

राहिला बांधावरचा नैवेद्य. तो ज्याची पोथी त्यानं ठेवायचा असतो. प्रयागबाईंनी पान हातात घेतलं आणि उंबऱ्याशी थांबल्या. सगळं भजनी मंडळ मागे उभं होतं. चांगदेवराव आधी बाहेर गेले, थोडं पुढं जाऊन थांबले आणि मान वळवून मागे पाहत उभे राहिले. हे त्यांनी ठरवून केलं की त्यांना पुढं पाहवत नव्हतं म्हणून तसे उभे राहिले, ते त्यांनाच माहीत. प्रयागबाईंनी पाय पलीकडे टाकला. नैवेद्य बांधावर पोचला. तो सयाजीरावांच्या कुत्र्यानं खाल्ला आणि दोन दिवस त्याला जुलाब झाले, पण त्याला पोथी जबाबदार नाही.

रविवारी फोन सुरू झाला. आरतीनं शेवटचा भाग नीट, शब्दन्शब्द मराठीत सांगितला. त्यात कावळ्या राजाच्या बालपणाचं दुःख होतं आणि प्रधानाचं कारस्थान होतं. बायकांनी ऐकून घेतलं. चांगलं आहे, असं झुंबरबाई म्हणाल्या, पण अण्णांचं जास्त कळत होतं. चांगदेवरावांनी पुण्याच्या त्या अधिकाऱ्याला एक पोस्टकार्ड टाकलं: कंदील विझला, सबब प्रकरण निकाली.

प्रयागबाई आधी सोसायटीच्या फाटकापर्यंत चालल्या, मग ओढ्याच्या पुलापर्यंत. आणि पुढच्या चतुर्थीला दोघं जीपनं लेण्याद्रीला आले. नुसतं खालून हात जोडून परत फिरायचं, असं ठरलं होतं. प्रयागबाई डोंगराच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि समोर बोट दाखवलं.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "शेवटची."

चांगदेवरावांनी त्या पायरीचं नीट निरीक्षण केलं. टोपी सारखी केली.

"सदरहू पायरी," ते म्हणाले, "इकडून पहिली आहे."

वर कठड्यावर एक माकड बसलं होतं आणि ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होतं. प्रयागबाईंनी पिशवी नवऱ्याच्या हातात दिली, घट्ट धरा म्हणाल्या, आणि पाय उचलला.